दोनदा फवारूनही ढेकूण का उरतात

प्रश्न अमळनेरहून आला आहे. थोडक्यात असा: खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक. मुलगा दिवाळीला पुण्याच्या होस्टेलवरून आला आणि जानेवारीपासून घरात ढेकूण झाले. जानेवारीत एकदा, मार्चमध्ये एकदा माणूस बोलावून फवारून घेतलं. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, गव्हाच्या कोठीत टाकतो ती गोळी फडक्यात बांधून दिवाणात ठेवू. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) महिना उरलाय, नणंदा मुलाबाळांसह येणार. काय करावं?

ताई, आधी गोळीचं बोलतो, बाकीचं नंतर. ती गोळी घरात झोपायच्या जागी आणायची नाही. फडक्यात नाही, डब्यात नाही, एक रात्रसुद्धा नाही. त्या गोळीत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू. हा वायू दाराच्या फटीतून, विटांच्या सांध्यांतून, शेजारच्या घरातही जातो. त्याच्यावर उतारा नाही. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर फक्त शरीर सावरून धरायचा प्रयत्न करू शकतात. कायद्याने ही गोळी कुणालाही सर्रास विकता येत नाही, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच वापरायची असते. तरी गावोगावी ती सुटी मिळते, आणि प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं, 'आम्ही वर्षानुवर्षं टाकतो, काही होत नाही.'

मी एकदा धरणगावकडच्या एका गावात कामाला गेलो होतो. उंबरठ्यावरच लसूण आणि सडक्या मासळीच्या मधला वास आला. दिवाणाच्या खणात दोन गोळ्या होत्या आणि म्हातारी आजी शेजारच्या खोलीत उलट्या करत पडली होती. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. सगळ्यांना अंगणात काढलं, दारं-खिडक्या उघडल्या, आजीला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं. आजी वाचली. तिथे एक पोरगा तांब्याभर पाणी घेऊन धावला होता गोळ्या विझवायला. त्याला मी हाताने अडवलं. पाणी पडलं की वायू आणखी जोरात सुटतो. आणि वास आला नाही म्हणजे वायू नाही, असंही धरू नका.

सासूबाईंना हे सांगताना माझं नाव पुढे करा. घरातल्या मोठ्या माणसाला सुनेने शिकवलेलं पटत नाही, बाहेरच्या 'फवारणीवाल्याने' सांगितलं की पटतं. तेवीस वर्षांच्या धंद्यात हे शिकलो.

आता ढेकणांकडे येऊ. तुमची फवारणी वाया का गेली, हे तुमच्याच प्रश्नात लिहिलंय: पहिली जानेवारीत, दुसरी मार्चमध्ये. मादी रोज दोन-चार अंडी घालते आणि ती लाकडाच्या खाचेत चिकटवते. अंडं साधारण १ मिलिमीटरचं, खसखशीच्या दाण्यासारखं पांढरं, पण जरा लांबट. आपण वापरतो त्या बहुतेक औषधांनी अंडं मरत नाही. फवारणीने मोठे ढेकूण मेले, घर शांत झालं, आणि आठ-दहा दिवसांत अंडी फुटली. पिल्लं सुईच्या टोकाएवढी आणि फिकट, रक्त प्यायल्याशिवाय दिसतही नाहीत. पिल्लू पाच वेळा कात टाकतं, दर कातीआधी त्याला एकदा रक्त लागतं. उबेच्या दिवसांत पाच-सहा आठवड्यांत ते मोठं होऊन स्वतः अंडी घालू लागतं. म्हणजे तुमच्या दोन फवारण्यांच्या मध्ये एक अख्खी पिढी वाढून बसली. दुसरी फवारणी पहिलीनंतर १० ते १२ दिवसांनी हवी होती: अंडी फुटून झालेली, पण पिल्लं अजून अंड्यावर आलेली नाहीत, अशा बेतात. फवारणाऱ्याने हे सांगितलं नसेल तर चूक त्याची. सांगून तुम्ही पैसे वाचवले असतील तर तुमची. मी दोन्ही प्रकार पाहिलेत.

दुसरं, औषधालाच दाद न देणारे ढेकूण आता सगळीकडे झालेत. ही गोष्ट नवी नाही. डीडीटी आलं तेव्हा वाटलं ढेकूण संपले, पण १९४७ मध्येच हवाई बेटांवर डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. आज तीच गत पायरेथ्रॉइड गटाची झालीय. डेल्टामेथ्रिन वगैरे याच गटातले, आणि बाजारातले खडू आणि बरेचसे स्प्रेचे डबेही. म्हणून खडूची रेघ ओढून झोपणाऱ्यांना मी काही बोलत नाही, फक्त सकाळी अंग बघा म्हणतो.

तिसरं कारण मात्र सगळ्यात मोठं. फवारणी गादीवर झाली असणार. ढेकूण गादीवर राहत नाहीत, गादीवर जेवायला येतात. पाच-दहा मिनिटांत पोट भरलं की परत. राहतात कुठे, ते तुम्हाला शोधायचंय. कुणी पैसे घेऊन शोधेल यापेक्षा तुम्ही जास्त चांगलं शोधाल, कारण घर तुमचं आहे.

एक टॉर्च घ्या, एक जुनं एटीएम कार्ड, आणि दिवाण पूर्ण रिकामा करा. प्लायवूडच्या कडा, जिथे सनमायका संपतो आणि कच्चं लाकूड दिसतं. स्क्रूची भोकं. खणाच्या झाकणाच्या बिजागऱ्या. डोक्याकडची फळी भिंतीपासून सोडवा, तिची मागची बाजू बघा. शाईच्या पेनने टिंबं टिंबं केल्यासारखे काळे ठिपके दिसले की समजा वस्ती तिथेच. ओल्या फडक्याने पुसल्यावर तपकिरी ओघळ येईल, ती त्यांची विष्ठा, म्हणजे आपलंच पचलेलं रक्त. सोबत पिवळट रिकाम्या काती पडलेल्या असतील. खाचेतून कार्ड ओढलं की जिवंत असतील ते बाहेर येतील. बरेच असले तर कुजक्या कोथिंबिरीसारखा वास येतो. लोखंडी पलंग असेल तर पायांच्या नळ्यांची टोपणं काढून आत बघा. नळी पोकळ असते आणि ती कुणीच तपासत नाही. नवारीच्या खाटेत पट्टी जिथे चौकटीला वळसा घेते ती जागा, सुंभाच्या बाजेत प्रत्येक गाठ. मग भिंत: फोटोफ्रेम, पडद्यांचा वरचा दुमडलेला भाग, स्विचबोर्डाची चौकट, भिंतीतल्या भेगा. जुन्या धाब्याच्या घरात तुळई भिंतीत शिरते ती फट हमखास. पलंगापासून पाच-सहा फुटांच्या आत बहुतेक सगळे सापडतात, पण चार महिने झालेत म्हटल्यावर सोफाही उलटा करा.

(शेतकरी गिऱ्हाईक हमखास विचारतं, कपाशीवर ते लाल ढेकूण असतात, तेच घरात येतात का. नाही. ते बोंडातल्या सरकीचा रस पितात, रक्त नाही. नाव आणि गोत्र एक, धंदा वेगळा.)

आता मारायचं कसं. तुमच्याकडे एक औषध फुकट आहे आणि तेही ऐन हंगामात: खानदेशचं ऊन. ४५ अंश तापमानात ढेकूण तास-दीड तासात मरतो. अंडी जास्त चिवट, त्यांना ४८ अंश आणि तेवढाच वेळ लागतो. ५५ च्या पुढे दोघांचाही निकाल लगेच लागतो. एवढं ऐकून लोक गादी गच्चीवर टाकतात, संध्याकाळी झटकून आत आणतात आणि म्हणतात काही उपयोग नाही. उपयोग होत नाही कारण गादीची वरची बाजू तापते आणि ढेकूण चालत खालच्या बाजूला, सावलीत जातो. त्याला सहा पाय आहेत, तो जाणारच. पळायला जागा ठेवायची नाही, ही त्यातली मेख.

गादी, उशा, रजया काळ्या जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करा, तोंडं चिकटपट्टीने सील करा. केळीच्या मल्चिंगचा कागद घरात पडलेला असेल, पण तो पातळ असतो, फाटतो, दुहेरी घ्या. गच्चीवर सकाळी दहाला ठेवा, दुपारी उलटा, पाचपर्यंत राहू द्या, असं तीन दिवस. एकावर एक रचू नका, मधली गादी थंडच राहते. कापसाची जाड गादी आतून हळू तापते, म्हणून तारेचा एक छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, फ्रीजवाले वापरतात तसला, त्याची तार गादीच्या पोटात घालून बघा. ५० दिसल्यावर तिथून पुढे दोन तास मोजा. आकडा दिसलाच नाही तर उसवून पिंजाऱ्याकडे द्या. मात्र त्याला खरं सांगून द्या, त्याच्या दुकानात दुसऱ्यांच्याही गाद्या असतात. कपडे, पडदे, चादरी, मुलाची ती पुण्याची बॅग, सगळं याच पद्धतीने. पत्र्याच्या पेटीत भरून पेटी उन्हात ठेवली तरी चालतं. धुता येईल ते ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. बंबातलं कढत पाणी थोडं निवलेलं चालेल, पण लोकरीचं आणि नायलॉनचं बघून.

तुमची वरची पत्र्याची खोली एप्रिलमध्ये दुपारी भट्टी असते, तिथे ढेकूण आपोआप कमी होतील. खालच्या खोलीत कूलर चालतो ना? ती गारवा-ओलावा असलेली खोली आपल्याला जशी सुखाची, तशी त्यांनाही.

लाकडाला ऊन पुरत नाही, तिथे वाफ. कपड्यांना वाफ देणारं छोटं यंत्र मिळतं, त्याचं तोंड खाचेवरून अगदी सावकाश फिरवा, घाईने फिरवलं तर ढेकूण मरत नाही, उडून पलीकडे पडतो. लोखंडी पलंग अंगणात काढून नळ्यांत उकळतं पाणी ओता, मुलांना लांब ठेवून. रॉकेल मात्र नको. पूर्वी सगळे वापरायचे, आमच्या घरीही वापरायचे, पण प्लायवूडमध्ये मुरलेलं रॉकेल आणि देवघरातली समई एका खोलीत असू नयेत.

सगळं तापवून, धुवून, झाडून झाल्यावर औषध. आधी नाही. कीटकनाशक हे इथे शेवटचं काम आहे, आणि लोक तिथूनच सुरुवात करतात. घरात वापरायला नोंदवलेलं औषध घ्यायचं. सध्या इमिडाक्लोप्रिड आणि बीटा-सायफ्लुथ्रिन यांचं मिश्रण नुसत्या पायरेथ्रॉइडपेक्षा बरं चालतं. इथे कापूसवाल्या घरांत एक मोह होतो: इमिडाक्लोप्रिड तर आपण मावा-तुडतुड्यांवर मारतो, कोठारात अर्धी बाटली आहे. ती वापरू नका. नाव एक असलं तरी शेतातलं औषध वेगळ्या द्रावकात, वेगळ्या ताकदीचं असतं, ते उघड्या रानासाठी बनवलेलं आहे, मुलं झोपतात त्या खोलीसाठी नाही. आणि कोणी 'जुनं जालीम' म्हणून डायक्लोरव्हॉस देऊ केलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०१८ च्या आदेशाने ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे.

औषध खाचांत, सांध्यांत, भेगांत, पलंगाच्या खालच्या अंगाला. गादीच्या वरच्या बाजूला नाही, चादरीवर तर अजिबात नाही. स्विचबोर्डात द्रव औषध कधीही नाही. मेन स्विच बंद करून तिथे सिलिकाची किंवा 'डायटोमेशियस अर्थ' नावाच्या मातीची कोरडी भुकटी चिमूटभर, तोंडाला फडकं बांधून. फवारल्यावर पाच-सहा तास घर बंद ठेवून बाहेर राहा, मग उघडून वारा खेळू द्या. रांगतं मूल किंवा दिवस राहिलेली बाई घरात असेल तर फवारणाऱ्याला आधी सांगा. भिंतीवर फवारलेलं लगेच पुसू नका, त्याचं काम पुढे काही दिवस चालतं. स्वच्छतेच्या भरात दुसऱ्याच दिवशी फिनाइलने सगळं पुसून काढणाऱ्या घरांत मला हमखास परत जावं लागतं.

धुराचे डबे लावू नका. त्यातला धूर खाचेत शिरत नाही, ढेकूण मात्र बिथरून दुसऱ्या खोलीत जातात. कडुलिंबाचा धूर, कापूर, डांबर गोळ्या यांनी ढेकूण मरत नाहीत.

तुम्ही लिहिलंय, मुलगा आता हॉलमध्ये झोपतो. त्याला परत त्याच दिवाणावर झोपवा. कठोर वाटेल, पण ढेकूण माणसाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर आणि अंगाच्या उबेवर येतो. माणूस हॉलमध्ये गेला की आठवड्यात ढेकूणही हॉलमध्ये. तो दिवाणावर राहिला तर ढेकूण औषधावरून चालत येतील, आणि तेच आपल्याला हवंय. घराला कुलूप लावून त्यांना उपाशी मारायचा विचारही सोडा. मोठा ढेकूण दोन-तीन महिने सहज उपाशी राहतो, थंडीत त्याहून जास्त.

दिवाण भिंतीपासून अर्धा फूट सरकवा, चादर जमिनीला लागू देऊ नका, आणि प्रत्येक पायाखाली वाटी. आजीच्या काळातला उपाय आहे, तो बरोबर होता. एक फरक करा. आपल्याकडे जास्त करून उष्ण प्रदेशातला ढेकूण असतो. परदेशात थंड मुलखात असतो त्याच्यापेक्षा याच्या पायांची पकड चांगली, गुळगुळीत प्लॅस्टिकवरही तो चढून जातो. म्हणून कोरडी वाटी पुरत नाही, तिच्यात पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर हवी. दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर ढेकूण गेले आणि डेंग्यूचे डास आले असं होईल. वाटीत सकाळी काय पडलंय ते मोजून लिहून ठेवा. घर मोकळं झालं की नाही, हे तीच वाटी सांगेल.

फवारणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा. कीटकनाशक फवारणीचा परवाना आहे का? कोणतं औषध, बाटली दाखव? दुसऱ्या फेरीला कितव्या दिवशी येणार? तिसऱ्या प्रश्नावर तो 'गरज पडली तर फोन करा' म्हणाला तर त्याला ढेकूण माहीत नाहीत. 'एका फवारणीत वर्षाची गॅरंटी' म्हणणारा तर मला भेटलाच पाहिजे, मला त्याच्याकडून शिकायचंय.

आणि शेजारी. भिंत सामाईक असेल तर बोलावं लागेल. मला माहीत आहे का बोलत नाही तुम्ही. गिऱ्हाईक मला फोनवर सांगतं, 'भाऊ, गाडीवर पाटी नका लावून येऊ, अंधार पडल्यावर या.' आत गेलो की 'बठ्ठं करी दखं भाऊ' (सगळं करून पाहिलं भाऊ), आणि तेही कुजबुजत. ढेकूण घाणीवर होत नाही, रक्तावर होतो, आणि रक्त बंगल्यातल्या माणसालाही असतं. एसी डब्यातून आलेल्या बॅगेतूनही मी ते काढलेत. ढेकणाने रोग पसरतो असं आढळलेलं नाही. खाज, गांधी, झोपमोड एवढाच त्रास. घरात एकालाच गांधी उठतात आणि बाकीचे म्हणतात 'तुलाच कसे चावतात?' चावतात सगळ्यांना, सगळ्यांच्या अंगावर उठत नाही. गांधी चिघळल्या किंवा लहान मुलाला फारच त्रास झाला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता आखाजी. उद्यापासून तीन दिवस ऊन आणि वाफ, चौथ्या दिवशी पहिली फवारणी, तिथून अकराव्या दिवशी दुसरी. त्यानंतर आठवडाभर वाट्यांवर नजर. एक जरी जिवंत दिसला तर तिसरी. महिन्यात बसतं, पण आज-उद्या करण्यात आठवडा घालवलात तर नाही बसणार. आणि पूर्ण सुटलो असं सहा ते आठ आठवडे वाटी रिकामी राहिल्यावरच म्हणायचं, त्यामुळे नणंदा आल्या तेव्हाही वाट्या काढू नका. विचारलं तर मुंग्यांसाठी म्हणा.

त्यांना झोपायला त्या दिवाणाच्या खोलीत नको, गच्चीवर द्या. असंही मे महिन्यात कोण खाली झोपतं. बिछायत केंद्रातून भाड्याच्या गाद्या आणणार असाल तर लग्नसराईत त्या रोज नव्या घरी फिरतात हे लक्षात ठेवा. शिवणी बघून घ्या, आल्या-आल्या दिवसभर प्लॅस्टिकमध्ये उन्हात घाला. सुरतेहून येणाऱ्या नणंदांच्या पिशव्या पलंगावर ठेवू देऊ नका, कडेला खुर्चीवर किंवा खुंटीला. जाताना त्यांच्याही पिशव्या एक दुपार गच्चीवर तापू द्या. तुमच्याकडून त्यांच्याकडे गेले तर पुढच्या आखाजीला तेच परत येतील.

तिन्ही तारखा आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. लिहायच्या आधी कॅलेंडर खिळ्यावरून काढून त्याची मागची बाजू बघा. पत्र्याच्या पट्टीखाली.